विसरलेला पासवर्ड आणि कुलूपबंद दस्तऐवज

वर्डच्या १९९७ च्या आवृत्तीत दस्तऐवजास जे कुलूप घातले जाई, त्याची किल्ली अवघ्या ४० बिटांची, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी पर्यायांपैकी एक असल्यामुळे, मूळ पासवर्ड मुळीच ठाऊक नसतानाही आजचा संगणक ते सारे पर्याय क्रमाने तपासून मजकूर मोकळा करू शकतो. एक्सेलच्या पत्रकाचे संरक्षण तर कूटलेखनच नव्हे. ते केवळ फेरफारास अटकाव करते, आणि गोपनीय हिशेबास ते सर्वथा अपुरे आहे. २००७ साली मात्र दस्तऐवजाच्या कुलपासाठी १२८ बिटांची एईएस ही कूटलेखनाची पद्धती आली, व २०१० पासून पासवर्डचे प्रत्येक अनुमान पडताळण्यासाठी गणनेची १ लाख आवर्तने करावी लागू लागल्याने, दीर्घ पासवर्ड विस्मृतीत गेल्यास, खुद्द वर्ड-एक्सेल बनवणाऱ्या कंपनीच्या दप्तरीही त्याची नक्कल नसताना, स्मरणातील तुकडे जुळवीत राहणे एवढाच मार्ग उरतो.