दस्त्यावरच्या खुणा कुणाच्या?

जुन्या लष्करी रायफलीच्या लाकडावर अनोळखी स्क्रू, बुजवलेलं भोक किंवा ओळीने उमटलेले वळ दिसले, की आपल्याकडे दोन खुलासे चटकन पुढे येतात. एक म्हणजे कुण्या शूर शिपायाने टिपलेल्या शत्रूंची ती मोजदाद आहे. दुसरा म्हणजे ही नंतर कुण्या सुताराने केलेली ठोकाठोक आहे. दोन्ही खुलासे ऐकायला बरे वाटतात, पण दोन्हींत रायफल कुणा एकट्याच्या मालकीची होती असं धरून चाललेलं आहे. ती सरकारी मालमत्ता होती. शिपायाने तिची मोडतोड केली तर शिक्षा ठरलेली, आणि दुरुस्तीचा अधिकार आर्मररला, म्हणजे पलटणीच्या शस्त्र-कारागिराला, किंवा कारखान्याला. म्हणून माझं म्हणणं असं, की लाकडावरच्या न कळणाऱ्या बदलाचं कारण आधी सरकारी दुरुस्तीत शोधावं. तिथे ते सापडलंच नाही, तरच एखाद्या माणसाच्या लहरीकडे वळावं.

उदाहरण आपल्या ओळखीचंच घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी ज्यांनी होमगार्डची किंवा एनसीसीची कवायत पाहिली आहे, त्यांना ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव समजावून सांगावं लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. हिचं मूळ ली-एन्फिल्ड. तिचा मार्क थ्री हा नमुना १९०७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारला आणि आपल्याकडे तो बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होऊ लागला. इशापूरच्या नंतरच्या अनेक रायफलींत मॅगझिनच्या थोडं पुढे, पुढच्या लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसतो. मूळ इंग्रजी नमुन्यात तो नाही. नवख्याला ती वेडीवाकडी डागडुजी वाटते. शस्त्रांचे अभ्यासक त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. त्याचं कारण हवामानात आहे. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि महिन्याभरात हवा पाण्याने जड होते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं-फुगतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही, आणि लोखंड तर त्याच्या तालावर हलतच नाही. मग दोघांमध्ये फट पडते, गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का लाकडाच्या नेमक्या जागी आदळत राहतो आणि रेषेच्या दिशेने चीर जाते. आडवा स्क्रू ही चीर फाकू देत नाही.

ओळीने उमटलेल्या वळांचंही तसंच. त्याच पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळून काही रायफली बॉम्बफेकीसाठी राखून ठेवत. नळीच्या तोंडाशी पेल्यासारखा भाग बसवायचा, त्यात हातबॉम्ब ठेवायचा आणि बिनगोळीच्या काडतुसाने तो उडवायचा. या माऱ्याचा ताण साध्या गोळीच्या मानाने फार मोठा. लाकूड फुटू नये आणि नळी फुटलीच तर चालवणाऱ्याला इजा होऊ नये, म्हणून ती तार. पुढे तार काढली तरी लाकडावर तिचे एकमेकांना समांतर, सारख्या अंतराचे दाब राहू शकतात. भिंग धरून पाहावं: चाकूने पाडलेल्या खाचेत लाकडाचे तंतू कापलेले असतात, तारेखाली ते फक्त दबलेले असतात. शत्रू मोजल्याची दंतकथा एवढ्या तपासणीपुढे सहसा टिकत नाही.

दस्त्यावर गोल पितळी चकती बसवण्याची खोबण असते. चकतीवर पलटणीची खूण असे. पहिल्या महायुद्धात उत्पादन झटपट व्हावं म्हणून १९१६ पासून नमुना सोपा केला गेला आणि अशा गोष्टी गळत गेल्या. म्हणून रिकामी किंवा लाकडाने बुजवलेली खोबण ही चोरीची खूण मानायचं कारण नाही. दस्ता आखूड दिसला, तर करवत चालली असं ठरवण्याआधी पितळी पाठीजवळ ‘एस’ किंवा ‘बी’ हे इंग्रजी अक्षर शोधावं. कमी उंचीच्या सैनिकांसाठी अर्धा इंच आणि एक इंच आखूड दस्ते कारखान्यातूनच येत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. या रायफलींचे भाग अदलाबदल करता येतात. मग एका लाकडावरून सबंध रायफलीचा इतिहास कसा सांगायचा? तो सांगू नयेच. पुढच्या लाकडाच्या टोकाशी, खालच्या बाजूला बऱ्याचदा क्रमांक ठोकलेला असतो. तो नळीवरच्या क्रमांकाशी जुळला, तर दोघांचा सहवास जुना. जुळला नाही, तर निष्कर्ष लाकडापुरताच ठेवावा. दुसरा आक्षेप गावच्या सुताराचा. तो मी उडवून लावत नाही, कारण त्याचा हात ओळखता येतो. मूळ लाकूड बहुधा अक्रोडाचं, घट्ट आणि गर्द तपकिरी. आपला यवतमाळ जिल्हा मात्र सागाचा. अक्रोडाच्या दस्त्यात सागाचं ठिगळ दिसलं, त्याचा तेलकट स्पर्श आणि ठळक रेषा ओळखू आल्या, तर ते काम कारखान्यापेक्षा स्थानिक हाताचं असण्याची शक्यता अधिक. पण हा निष्कर्षही पुराव्याने आलेला असतो, आणि हाच माझा आग्रह आहे.

सगळ्यात मोलाचा पुरावा म्हणजे बदलांचा क्रम, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत आधी नष्ट केला जातो. कवायतीपुरत्या उरलेल्या रायफलींवर ‘डीपी’ अशी अक्षरं आणि रंगाचे पट्टे येत. रंग आडव्या स्क्रूच्या डोक्यावरून, त्याच्या खाचेत उतरून गेला असेल, तर स्क्रू आधीचा आणि निवृत्ती नंतरची. स्क्रूभोवती रंग कापला गेला असेल, तर उलट. तारेच्या दाबांत जुनं तेल मुरलंय का, बुजवलेल्या खोबणीचा रंग आजूबाजूच्या लाकडाइतका काळवंडलाय का, हेही असंच वाचता येतं. घरच्या कौतुकाने पॉलिशपेपर मारला, की हा सगळा हिशेब एका दुपारी भुश्यात जातो. शिवाय थ्री नॉट थ्री ही प्रतिबंधित बोअरची रायफल आहे. जुन्या वाड्यात अशी वस्तू निघाली, तर ती पुसून-घासून भिंतीवर टांगण्याऐवजी आधी पोलीस ठाण्यात कळवावी, आणि तोवर लाकडाला तेलाचा थेंबही लावू नये.