जुने फेरफार किती वर्षं जपायचे? कायमचे

जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदी किती काळ ठेवायच्या? कर्जत-खालापूरच्या जमिनींपुरतं माझं उत्तर ठाम आहे: एकही नोंद काढू नये. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती कशी आली, हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये असतं: खरेदी, वारस, कूळ, बोजा, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की रद्द. रद्द नोंदसुद्धा महत्त्वाची, कारण हरकत कोणी आणि का घेतली होती ते तिच्यातून कळू शकतं.

या दोन तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत, आणि फार्महाउससाठी जमिनीला मोठी मागणी आहे. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासी जमिनी काही अटींवर परत देण्याची तरतूद कायद्याने केली. त्या वर्षांचा फेरफारच नसेल, तर जमीन कोणाच्या नावावरून कोणाकडे गेली हे दाखवायचं कशावरून?

जागा पुरत नाही, हा आक्षेप स्कॅनिंगने बराचसा निकालात निघतो. मग मूळ कागद नष्ट करावा का? माझ्या मते नाही. स्कॅनमध्ये पुसट शाई, कडेचा शेरा किंवा खाडाखोड नीट उतरत नाही, आणि वाद नेमका तिथेच असतो. जीर्ण पानांवर प्रक्रिया करून ती टिकवता येतात, तो खर्च करायलाच हवा.

तुमच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक छापलेले असतात. त्यांचा माग काढताना अडलात तर जरूर विचारा.