समोरासमोर लागलेल्या गाड्या

नऊ व्होल्टची छोटी बॅटरी घ्यायची, तिच्या वायरी स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलला क्षणभर टेकवायच्या आणि कोनावर नजर ठेवायची. अठरा इंची कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर वायर उलटी लागली आहे. हथखोजच्या एका शेडमध्ये ऑपरेटर मुलगा एकेका डब्यापुढे उकिडवा बसून हे तपासत होता, आणि त्याचा हेल्पर मागून टॉर्च धरून उभा होता. गणपती तोंडावर आले होते. मालक दारातून दोनदा ओरडून गेला की गाडीवर माल कधी चढणार. मुलगा वर बघेना.

"दीदी, एक उलटा राहिला तर शेजारच्याचा बेस खातो," तो मला म्हणाला.

खरंच खातो. एक कोन हवा पुढे ढकलत असताना शेजारचा ती मागे ओढतो आणि खालच्या पट्टीतला आवाज तिथल्या तिथे विरतो. समोर नाचणाऱ्याला एवढंच कळतं की आज गाडी 'बसलेली' आहे. मग मालक म्हणतो, आणखी दोन डबे आणा. या धंद्यातला निम्मा गोंगाट अशा न तपासलेल्या वायरींतून येतो, असं माझं हळूहळू पक्कं झालेलं मत आहे.

हथखोज हा छत्तीसगढातल्या भिलाईच्या कडेचा कारखान्यांचा भाग. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि त्या कारखान्याभोवती फॅब्रिकेशन, मशिनिंग, कास्टिंगची लहानमोठी कामं वाढत गेली. नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचं एक. त्यामुळे अँगल, चॅनल, वेल्डिंगचा वास हे सगळं लहानपणापासून ओळखीचं. डीजेची गाडी उभी करायलाही हेच लागतं. मालवाहू गाडीच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा जोडायचा, खाली बेसचे डबे, त्यावर मिड, सगळ्यात वर टॉप, दोन्ही अंगांना फिरते दिवे, मागे जनरेटर. डबे मात्र प्लायचे, आतून आडव्या पट्ट्या ठोकलेले. पट्टी ढिली राहिली तर डबा स्वतःच खडखडतो. ऑपरेटरने एका डब्याच्या बाजूला तळहात टेकवला आणि हेल्परला सांगितलं, हा खोल, स्क्रू आवळ. कान लावायची त्याला गरज पडली नाही.

इकडे दोन प्रकारच्या गाड्या निघतात. एक धुमालची, म्हणजे गाडीवर माणसं बसून वाजवतात: कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोल, ताशा. नागपूरकरांना धुमाल वेगळी सांगायला नको, तिकडच्या वरातींतही ती असतेच. दुसरी नुसती डीजेची. त्यात लॅपटॉप, कंट्रोलर आणि एक ऑपरेटर. रायपूर आणि राजनांदगावच्या विसर्जनाच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात. त्या रात्री या दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात. धुमालवाले डीजेवाल्यांना 'बटण दाबणारे' म्हणतात. ते मला अर्धंच पटतं. बटण दाबण्याआधी काय काय करावं लागतं, हे त्या शेडमध्ये बसल्याशिवाय दिसत नाही.

या मुलाची चढण साधी आहे आणि इकडच्या बहुतेक ऑपरेटरांची तशीच असते. आधी वायरी गुंडाळायच्या. वायर गुंडाळायचीही पद्धत असते, पीळ पडला तर ती आतून तुटते. मग डबे चढवायचे. मग अँपलिफायरपाशी उभं राहायचं आणि लाल दिवा लागला की उस्तादला खूण करायची, कारण तो दिवा फार वेळ लागून राहिला तर कॉइल जळते. जळक्या वार्निशचा तो वास एकदा आला की त्या डब्याची रात्र संपली. पुढे घरी जुन्या लॅपटॉपवर गाणी कापून जोडायला शिकायचं. एक रीमिक्स यूट्यूबवर चढवायचं. गावातल्या कुणाच्या तरी वरातीत ते वाजतं, चार जण विचारतात की कुणाचं आहे, आणि तेव्हा पहिल्यांदा नावाची गरज पडते. मग गाण्यात नाव शिरतं. दर थोड्या वेळाने एक भारदस्त आवाज म्हणतो, डीजे अमुक, भिलाई. बयाणा घेऊन येणारे लोक त्या नावाला येतात, मालकाला नाही. तिथून मालकाशी ताणाताणी सुरू होते.

त्याने माझ्यासमोर नवरात्राचा एक ट्रॅक बांधायला घेतला. जसगीत घेतलं. छत्तीसगढात देवीची ही गाणी मांदरच्या तालावर म्हणतात आणि गाणारी मंडळी लय हळूहळू चढवत नेतात. यंत्राला अशी चढती लय चालत नाही, त्याला ठोका घड्याळासारखा सारखा लागतो. म्हणून त्याने गाण्याच्या ओळी एकेक करून कापल्या आणि प्रत्येक ओळ वेगळी ताणून ठोक्यावर बसवली. फार ताणली तर आवाज पातळ, धातूसारखा होतो. एका ठिकाणी गायिकेने श्वास घेतला होता. तो काढला तर जागा रिकामी वाटे, ठेवला तर ठोक्याच्या आड येई. त्याने तो श्वास उचलून अर्धी मात्रा मागे सरकवला. ओळ पुन्हा माणसाची झाली. मी कितीतरी वेळ त्या एवढ्याशा बदलाचा विचार करत होते.

त्यानंतर बेस. मूळ गाण्यातल्या मांदरचा खालचा आवाज पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास जाड करून त्याखाली आपला किक ठेवायचा, पण दोघे एकाच क्षणी आदळू द्यायचे नाहीत. टॉप आणि बेस यांत अंतर पडलं की तेही जुळवायचं. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो, म्हणून टॉप हातभर पुढे असेल तर त्याला तेवढा उशीर द्यायचा. हे गणित त्याने शाळेत शिकलेलं नाही. फोनवरचे व्हिडिओ बघून, गाडीपुढे चालत, मागे येत, पुन्हा चालत त्याने ते कानाने पक्कं केलं आहे.

आणि मग सामना. दोन मंडळांच्या गाड्या चौकात समोरासमोर लागतात. लिहिलेला नियम नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतो. एकाने एक तुकडा वाजवायचा, मग दुसऱ्याने. खास सामन्यासाठी बांधलेले ट्रॅक असतात, त्यांत सिनेमातले संवाद, समोरच्याला दिलेली आव्हानं, आपल्या गाडीचं नाव. चांगला ऑपरेटर समोरच्याचा तुकडा नीट ऐकतो आणि उत्तर त्यातूनच काढतो. समोरून दमदार ठोका आला तर तो एकदम सगळा बेस काढून घेतो, नुसती बासरी आणि टाळ्या ठेवतो, लोक वाट बघत राहतात, आणि मग तो ठोका सोडतो. त्या वेळी गर्दी वळते. मी असं वळण पाहिलं आहे. त्यात डब्यांची संख्या मोजायची कुणाला आठवत नाही.

हे सगळं किंग्स्टनच्या माणसाला लगेच ओळखू येईल. जमैकात १९५० च्या दशकापासून ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्या साउंड सिस्टिम रस्त्यांवर आणि मैदानांत एकमेकींशी भिडत आल्या. तिथे तबकडी लावणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात, आणि डीजे म्हणजे त्या चालीवर माइकवर बोलणारा, यमकं जुळवणारा. यू-रॉयने १९७० च्या सुमारास हे बोलणं रेकॉर्डवर आणून घराघरांत पोचवलं. आपल्या सिस्टिमचं नाव घालून गायकाकडून गाणं पुन्हा गाऊन घ्यायचं आणि ते फक्त सामन्यात काढायचं, ही तिथली रीत. आमच्याकडच्या नाव घातलेल्या ट्रॅकची ती थेट भावकी. फेब्रुवारी १९८५ मध्ये किंग जॅमीने ब्लॅक स्कॉर्पियो या सिस्टिमविरुद्धच्या सामन्यात वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' वाजवलं आणि जमैकाच्या नाचगाण्याची दिशा बदलली. त्या गाण्याची चाल कॅसिओच्या एमटी-४० या लहानशा कीबोर्डमधल्या तयार ठोक्यावर उभी होती. बाजी त्या ठोक्याने मारली, स्वस्तातल्या खेळण्यावर मिळणाऱ्या ठोक्याने. धुमालच्या गाडीवर कॅसिओ बडवणाऱ्या प्रत्येक पोराला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

तिथेही चुरस भलत्या वाटेला गेली. बीनी मॅन आणि बाउंटी किलर हे दोन डीजे १९९३ च्या 'स्टिंग' मैफलीत मंचावर शब्दांनी भिडले, ते अजून लोकांच्या आठवणीत आहे. पण व्हाइब्ज कार्टेल आणि मावाडो यांच्या 'गाझा' आणि 'गली' या दोन तटांचं वैर शाळकरी मुलांपर्यंत उतरलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग यांना दोघांना बोलावून समेट घडवावा लागला. शब्दाला शब्द भिडत होता तोपर्यंत चुरशीने कलेला दिलंच दिलं. शब्द बाजूला पडला आणि नुसते तट उरले, तेव्हा ती माणसांच्या जिवावर उठली.

मराठी माणसाला हे कळायला जमैकापर्यंत जायची गरज नाही. कलगी-तुऱ्याचे फड रात्र रात्र याच जिद्दीने रंगत. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेत, तुरेवाले शिवाचा, आणि एकाने टाकलेल्या कोड्याचं उत्तर दुसऱ्याने कवनातच द्यायचं. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात. हथखोजपासून लांब नसलेल्या गनियारीतून आलेल्या, पुढे भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंनी हातात तंबुरा आणि मागे हुंकार देणारा रागी घेऊन अख्खं महाभारत उभं केलं. महाभारत गाऊन सांगण्याच्या या पंडवानीत वेदमती आणि कापालिक अशा दोन शैली आहेत, त्यांचे मानणारेही वेगवेगळे. कुणाची श्रेष्ठ, हा वाद या भागात जुना आहे. तो वाद घालायला वॅट लागले नाहीत.

आता गाड्यांचं बघा. अँपची ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो तीन डेसिबल. डबे आणि ताकद दोन्ही दुप्पट केली तरी फार तर सहा. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. म्हणजे मालक कर्ज काढून आठाचे सोळा डबे करतो आणि चौकातल्या माणसाला आवाज दुप्पटही वाटत नाही. पुढच्या वर्षी समोरचाही सोळा करतो. झाली बरोबरी. फरक पडतो तो भिंतीपलीकडे. पन्नास हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. ती विटांच्या भिंतीने फारशी अडत नाही, ती छातीत आणि पलंगाच्या पायांत जाणवते.

२०२४ च्या गणेशोत्सवात मंडपातल्या डीजेच्या आवाजाने त्रासलेल्या एका आजारी माणसाने याच हथखोजमध्ये आत्महत्या केली. ती बातमी वाचल्यापासून मला या विषयावर नुसतं कौतुकाचं लिहिता येत नाही. छत्तीसगढ उच्च न्यायालयाने डीजेच्या आवाजाची स्वतःहून दखल घेऊन प्रशासनाला वारंवार जाब विचारला आहे. नियम तर जुने आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, कारखान्यांच्या भागातसुद्धा दिवसा ७५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हौदा बदललेली गाडी मोटार वाहन कायद्यात बसत नाही, ती वेगळीच गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बी'वरून हाच झगडा कोल्हापूर-सांगलीने वर्षानुवर्षं पाहिला आहे.

आणि वाजवणाऱ्याचे कान? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफलींसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. कामगारांच्या कानांसाठी वापरतात त्यांपैकी एका कडक हिशेबाने तेवढ्या आवाजात दिवसाला पंधरा मिनिटं पुरे. ऑपरेटर रात्रभर गाडीवर असतो. या मुलाला मिरवणुकीनंतर कानात शिट्टी ऐकू येते, आधी सकाळपर्यंत जायची, आता दोन-दोन दिवस राहते. ज्या कानाने त्याने गायिकेचा श्वास अर्धी मात्रा मागे सरकवला, तोच हा कान. मला याचा राग येतो, आणि तो लपवायची इच्छा नाही. मी त्याला फोमचे कानबोळे आणून दिले. त्याने घातले, काढले, म्हणाला वरची पट्टी जाते. बरोबर होतं त्याचं. सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करणारे वादकांचे कानबोळे मिळतात, ते मागवायचं ठरलं.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे डबे तपासून झाल्यावर त्याने जनरेटर न लावता, शेडच्या विजेवर, फक्त दोन बेस आणि दोन टॉप जोडून जसगीताचा ट्रॅक लावला. शेजारच्या शेडमधला वेल्डर चेहऱ्यावरचा मुखवटा वर करून बघायला आला. आम्ही साध्या आवाजात बोलू शकत होतो, आणि तरी मांदर पायाखाली लागत होती. वेल्डरने विचारलं, आणखी डबे लावलेत का? मुलाने नाही म्हटलं. सगळे कोन एका दिशेला हलत होते, एवढंच झालं होतं.

मालकाला मात्र नवरात्रासाठी आणखी चार डबे हवेत. दुर्गच्या एका गाडीने वाढवले आहेत, मंडळवाले मोजूनच बयाणा देतात, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. मुलाचं म्हणणं, त्याच पैशात एक चांगला प्रोसेसर घ्या, त्यात आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवता येते, कॉइल जळणार नाही, आणि एक माइक घ्या. त्याला स्वतः बोलायचं आहे, रेकॉर्ड केलेलं नाव वाजवायचं नाही. समोरच्या गाडीला तिथल्या तिथे, छत्तीसगढीत, जोडलेल्या ओळींत उत्तर द्यायचं आहे. त्याने वहीत काही ओळी लिहिल्या आहेत, मला वाचूनही दाखवल्या, चांगल्या आहेत. मी निघाले तेव्हा दोघं त्याच खर्चावरून भांडत होते, आणि मालक अजून चार डब्यांवरच अडून होता.