युरोपला जाताना विमानतळही पारखून घ्या

नाशिकचे सत्तरीतले आजोबा मुलाकडे जर्मनीला निघालेले. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. सोबत मधुमेह असलेल्या आजी. तिकीट स्वस्त मिळाले, पण वाटेत विमान बदलायला जेमतेम पन्नास मिनिटे. त्यात मुंबईचे विमान उशिरा पोहोचले. मग पासपोर्टची रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि खांद्यावर बॅग घेऊन शेवटच्या गेटपर्यंत धाव. तिथे पोहोचता पोहोचता आजोबांची छाती भरून आली. असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. तो टाळण्याची वेळ मात्र तिकीट काढतानाच असते.

विमानातील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. त्यामुळे रक्तातील प्राणवायू थोडा कमी होतो. त्यात जागरण झालेले असते, पाणीही कमी प्यायलेले असते. अशा वेळी भीती आणि धावपळ यांनी अॅड्रिनॅलिन वाढते, नाडी व रक्तदाब चढतो. हृदयाची गरज वाढते, पण अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या ती भागवू शकत नाहीत.

म्हणून थेट विमान मिळाले तर उत्तम. बदलायचेच असेल तर विमानतळाची रचना पाहावी. व्हिएन्नासारख्या मध्यम आकाराच्या विमानतळावर सारे जवळजवळ असते. पॅरिसच्या शार्ल द गॉलवर टर्मिनल दोनचेच अनेक भाग आहेत आणि त्यातल्या २जी इमारतीकडे बसने जावे लागते. लंडनच्या हीथ्रोवर टर्मिनल बदलताना बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी ठरलेली. अॅमस्टरडॅमला छप्पर एकच असले तरी चालणे बरेच पडते. दोहा किंवा दुबईमार्गे गेल्यास बसण्याचा काळ दोन भागांत विभागला जातो. मात्र मध्यरात्री विमान बदलावे लागले तर झोपेचे खोबरे होते.

शेंगेन देशांत जाताना पासपोर्ट तपासणी पहिल्याच शेंगेन विमानतळावर होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे चेहरा व बोटांच्या ठशांवर आधारित नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे ज्येष्ठांनी दोन विमानांत अडीच-तीन तास तरी ठेवावेत. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असावेत. म्हणजे पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तरी पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते.

चाकाची खुर्ची मागण्यात कमीपणा नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार ही मदत मोफत असते. प्रवासाच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे. चार जिने चढताना दम लागणाऱ्याने तर ती मागावीच.

औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असावी. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नये, ते गोठून निकामी होऊ शकते. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेतीन ते साडेचार तासांनी लांबतो. म्हणून डोसच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटले आहे. मूळ धोका कमीच असतो, सुमारे सहा हजारांत एक. तरीही दर तासाला घोटे फिरवावेत, अधूनमधून उठावे. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार झालेल्यांनी आधी सल्ला घ्यावा. पोहोचल्यावर एकाच पोटरीला सूज आली, दुखू लागले किंवा अचानक धाप लागली, तर थकवा समजून झोपून राहू नये.

आणि विमानतळावर छातीत दुखू लागले तर गेटकडे धावू नये. जागीच बसावे, जवळच्या कर्मचाऱ्याला सांगावे. युरोपीय संघात कुठेही ११२ या क्रमांकावर मदत मिळते. चुकलेल्या विमानानंतर दुसरे विमान मिळतेच.