बिब्ब्यातली गोडंबी बाहेर कशी येते?

थंडीत डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू झाली की धाराशिवच्या बाजारातून आपण खारीक, खोबऱ्याबरोबर गोडंबीही आणतो. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर.

बिब्बा आम्रकुलातला, म्हणजे आंबा, काजू, चारोळी, पिस्ता यांचा भाऊबंद. या कुळाची खोड म्हणजे चीक. कैरीच्या चिकाने ओठाशी चट्टा उठतो. बिब्ब्यात हाच गुण पराकोटीला गेलेला असतो.

फळं हिवाळ्यात पिकतात. देठ फुगून नारिंगी, मांसल होतो आणि त्याच्या टोकाला काळा चकचकीत बिब्बा लागतो, थेट काजूसारखा. नारिंगी भाग पिकल्यावर किंवा वाळवून खातात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरं फळ मात्र तो काळा बिब्बाच.

त्याच्या कवचाच्या दोन पदरांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत दाहक तेल भरलेलं असतं. परीट याच तेलाने कपड्यांवर खुणा करत. चुन्याची जोड मिळाली की ती खूण धुण्यात जात नसे.

बिब्बे आधी उन्हात वाळवतात. मग भाजून त्यातलं बरंचसं तेल काढतात. इथे धूर सांभाळावा लागतो, कारण नुसत्या धुरानेही तोंड सुजतं.

पुढचं काम फोडण्याचं. हाताला तेल, राख लावून एकेक बिब्बा दगडावर उभा धरायचा आणि बेताचा घाव घालायचा. घाव जोरात बसला तर गर चेचला जातो आणि कवचातलं तेल त्यात मुरतं. हळू बसला तर कवच नीट फुटत नाही आणि तेल हातावर उडतं. बहुतेकदा बायकाच हे काम करतात. गोडंबी महाग का, हे त्यांची बोटं पाहिली की कळतं.

बिब्बा लगेच उततो असं नाही. फोड काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतात. तोवर तोच हात डोळ्यांना लागलेला असतो. म्हणून तेल लागताच साबणाने हात आणि नखं धुवावीत. फोड आले तर खाजवू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. घरी बिब्बे फोडण्याच्या फंदात आपण न पडलेलंच बरं.

विकत घेताना गोडंबी पांढऱ्या कागदावर पसरून पाहावी. काळे ठिपके किंवा कवचाचे तुकडे चिकटलेले दाणे बाजूला काढावेत. खवट वास आला तर घेऊच नये. काजू-पिस्ता ज्यांना सोसत नाही, त्यांनी गोडंबीच्या वाट्याला जाऊ नये. बाकीच्यांनी ती मंद आचेवर तुपात परतावी आणि गार झाल्यावरच कुटावी.