बर्लिनच्या खांबांवरील चिठ्ठ्या

विद्यार्थ्यांचे परदेशी अभ्यासदौरे आता नवलाईचे राहिलेले नाहीत. संग्रहालये, संसदभवन, एखादे जुने विद्यापीठ आणि जमल्यास एखादा कारखाना पाहावयाचा व परतल्यावर अहवाल सादर करावयाचा, हा त्यांचा सर्वसाधारण क्रम होय. बर्लिनला जाणाऱ्या काही विद्यार्थ्यांपुढे मात्र एक निराळाच ग्रंथ ठेवला जातो. त्याची पाने दिव्यांच्या खांबांवर, पावसाच्या पाण्याच्या नळांवर आणि वाहतूकफलकांच्या पाठीवर चिकटवलेली असतात. तळहाताएवढे हे राजकीय स्टिकर टिपून घेणे, त्यांचा अर्थ लावणे, कोणी कोणावर चिकटवले याची नोंद ठेवणे, असा हा अभ्यास आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सेंट लॉरेन्स विद्यापीठाच्या कलादालनाने तर बर्लिन व इतर शहरांतील अशा हजारो स्टिकरांचा संग्रहच उभारला आहे.

प्रथमदर्शनी हा उद्योग कोणाला पोरकट वाटेल. पालकांनी पदरमोड करून मुलाला युरोपात पाठवावे आणि त्याने तेथे खांबांवरची कागदे वाचीत हिंडावे, ही कल्पना मध्यमवर्गीय गृहस्थाला रुचणे कठीणच. तथापि बर्लिनपुरते तरी हा आक्षेप टिकणारा नाही. कारण त्या शहराचा अर्धा इतिहास भिंतीवरच घडलेला आहे. १३ ऑगस्ट १९६१ रोजी जी भिंत उभी राहू लागली, तिचा पश्चिमेकडील दर्शनी भाग पुढे रंगांनी भरून गेला. थिअरी न्वार या फ्रेंच चित्रकाराने १९८४ पासून तीवर मोठाल्या डोक्यांच्या आकृती रंगवल्या. भिंत पूर्व जर्मनीच्या हद्दीत किंचित आत असल्याने पश्चिमेकडून रंगविणाराही वस्तुतः परक्या भूमीवर उभा असे. पूर्वेकडील बाजू मात्र कोरी राहिली. तेथे ब्रश घेऊन जाणे म्हणजे प्राण पणाला लावणे होते. आज पर्यटक ज्या ‘ईस्ट साइड गॅलरी’समोर गर्दी करतात, तेथील चित्रे भिंत कोसळल्यानंतर, १९९० साली काढली गेली. ब्रेझनेव्ह व होनेकर यांच्या चुंबनाचे दिमित्री व्रुबेल यांचे चित्र त्यांतलेच. ज्या चित्राला कोणी अडविणार नाही असे चित्र आणि ज्यासाठी पहारेकऱ्याची नजर चुकवावी लागे असे चित्र, यांतील भेद विद्यार्थ्याला छायाचित्रावरून कळत नाही, तारखेवरून कळतो.

स्टिकराचे बलस्थान त्याच्या क्षुद्रपणात आहे. भित्तिचित्राला रात्र लागते, शिडी लागते, रंगाचे डबे लागतात. स्टिकर घरी बसून छापता येतो, खिशात मावतो आणि चालता चालता दोन क्षणांत चिकटतो. त्यामुळे तो ज्यांच्याजवळ पैसा नाही अशांचे शस्त्र आहे. पण तितकेच ते भेकडाचेही शस्त्र आहे, हे विसरून चालणार नाही. छापील मजकुरावर जबाबदार व्यक्तीचे नाव असावे, असा जर्मन मुद्रणकायद्याचा दंडक असल्याने पुष्कळ स्टिकरांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एखादे नाव आढळते आणि ते बहुधा काल्पनिक असते! आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाने निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक-प्रकाशकांची नावे बंधनकारक केली आहेत. ती किती वेळा खरी असतात, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनीही कधी तरी हाती घ्यावा.

एकच चित्र कसे पक्ष बदलते, याचे एक उदाहरण येथे सविस्तर सांगण्याजोगे आहे. धावणारा बाप, पाठोपाठ आई आणि तिच्या हाताला धरलेली, वेण्या उडत असलेली मुलगी, ही काळी आकृती जर्मनीत ‘निर्वासितांचे स्वागत असो’ या शब्दांसह असंख्य खांबांवर दिसते. तिचा उगम स्वागतात मुळीच नाही. १९९०च्या सुमारास कॅलिफोर्नियात सान डिएगोजवळच्या महामार्गावर मेक्सिकोतून चोरून येणारी कुटुंबे मोटारींखाली सापडून मरत, म्हणून वाहनचालकांना सावध करण्यासाठी ती पिवळ्या फलकावर रंगवली गेली. रस्त्यात गुरे येण्याची शक्यता आहे असे सांगणाऱ्या फलकाचीच ही जात. यापैकी अखेरचा फलकही २०१८ पर्यंत नाहीसा झाला. दरम्यान युरोपातील निर्वासितांच्या कैवाऱ्यांनी ती आकृती उचलली व तिला यजमानाचे शब्द दिले. मग विरोधकांनीही तीच उचलली, धावणाऱ्यांच्या हाती शस्त्रे दिली आणि स्वागताच्या जागी नकार लिहिला. सावधगिरी, स्वागत आणि धमकी असा या चौघडीभर कागदाचा प्रवास आहे. ज्याने यांपैकी एकच चिठ्ठी पाहिली त्याने चित्र पाहिले. ज्याने तिन्ही एका खांबावर एकावर एक पाहिल्या, त्याला युरोपातील एका मोठ्या वादाचे थर उलगडता आले.

हसऱ्या तांबड्या सूर्याची कथा त्या मानाने सरळ आहे. ‘अणुशक्ती? नको, आभारी आहोत’ असे विनयाने सांगणारे ते बोधचिन्ह १९७५ साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे आन लुंड या विद्यार्थिनीने रेखाटले. जर्मनीत ते मोटारींच्या पाठीवर दशकानुदशके चिकटून होते. १५ एप्रिल २०२३ रोजी त्या देशातील अखेरच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. हे शहाणपणाचे झाले की नाही, याबद्दल मतभेद आहेत व राहतील.

खरा पेच याहून निराळा आहे. ज्यू, तुर्क वा निर्वासित यांच्याविषयी विखार ओकणारी चिठ्ठी विद्यार्थ्याला दिसली, तर त्याने काय करावे? टिपून घेऊन पुढे जावे, की ती खरवडून काढावी? अभ्यासक म्हणेल, पुरावा नष्ट करू नका. ज्या माणसाला उद्देशून ती लिहिली आहे त्याने मात्र रोज कामावर जाताना ती वाचावी, असा याचा अर्थ होतो. कायद्यालाही ही गुंतागुंत सोडवताना कष्ट पडलेले आहेत. नाझी चिन्हांना जर्मन दंडसंहितेच्या ८६-अ कलमाने बंदी आहे. त्याच कलमाखाली स्वस्तिकावर फुली मारलेली नाझीविरोधी चिन्हे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला श्टुटगार्टच्या न्यायालयाने २००६ साली दोषी ठरविले होते. पुढच्या वर्षी सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि उघड विरोध दर्शविणारे चिन्ह गुन्हा ठरत नाही, असा निर्वाळा दिला.

या पेचाला बर्लिनमधील एका शिक्षिकेने आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. इर्मेला मेन्सा-श्राम यांना १९८६ साली घराजवळच्या बसथांब्यावर रुडॉल्फ हेसच्या सुटकेची मागणी करणारा स्टिकर दिसला. सकाळी त्या तशाच बसमध्ये चढल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हाही तो तेथेच होता. दिवसभरात कोणालाही तो काढावासा वाटला नव्हता. त्यांनी किल्लीने तो खरवडला. तेव्हापासून पिशवीत खरवडणी व नेलपॉलिश पुसण्याचे द्रावण घेऊन त्या हिंडत आल्या असून त्यांनी काढलेल्या चिठ्ठ्या व पुसलेल्या घोषणांची संख्या सत्तर हजारांवर गेली आहे. त्यांची शिस्त मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. आधी छायाचित्र, मग स्थळ व तारखेची नोंद, मग खरवडणी. निघालेली चिठ्ठी फाइलीत जाते. अभ्यासकाचे काम आणि नागरिकाचे काम यांत त्यांना विरोध दिसलेला नाही. क्रम तेवढा पाळावा लागतो.

वर्गात बसून हे मान्य करणे सोपे आहे. परक्या देशात, व्हिसाच्या मुदतीत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र खरवडणी देताना प्राध्यापकाने दोनदा विचार करावा. दुसऱ्याच्या भिंतीचे रूप बदलणे हाही तेथे गुन्हा ठरू शकतो आणि भिंतीचा मालक कोणत्या हेतूने ते केले हे विचारीलच असे नाही. २०१६ साली बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयात १८८० पासूनच्या ज्यूद्वेष्ट्या व वंशद्वेष्ट्या स्टिकरांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेन्सा-श्राम बर्लिनच्याच न्यायालयात आरोपी म्हणून उभ्या होत्या. ‘मेर्केल यांना हटवा’ या घोषणेची अक्षरे रंगाने बदलून त्यांनी ‘लक्षात ठेवा, द्वेष हटवा’ असे वाचावयास लावले होते. न्यायालयाने मालमत्तेच्या नुकसानीबद्दल त्यांना सशर्त दंड सुनावला. पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले.