पत्र लपवलं, हे ऐकू कसं येणार?

एकांकिकेत एक साधी रंगसूचना असते : ‘ती पत्र उशीखाली लपवते. तेवढ्यात तो येतो.’ रंगमंचावर याला चार सेकंद पुरतात, शब्द एकही लागत नाही. तीच एकांकिका श्रुतिका म्हणून ध्वनिमुद्रित करायची ठरली, की पहिली अडचण इथेच येते. नवखा लेखक त्याच्या तोंडी वाक्य घालतो, “अगं, ते निळं पाकीट उशीखाली का लपवलंस?” श्रोत्याला माहिती मिळाली खरी, पण नाटक कोसळलं; लपवलेलं त्या पात्राला दिसलंच, तर पुढे उरलं काय? मुरलेला लेखक कागदाची घाईघाईची घडी ऐकवतो, पलंगाची करकर, मग दाराची कडी आणि तिचं जरा जास्तच मोठ्या आवाजातलं “आज लवकर आलात?” कागद नेमका कुठे गेला हे श्रोत्याला कळत नाही. काहीतरी दडवलं गेलं एवढं कळतं, आणि प्रसंगाला तेवढंच हवं असतं.

न दिसण्याची ही अडचण जुनीच. १५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीवरून रिचर्ड ह्यूज यांची ‘डेंजर’ ही नाटिका प्रसारित झाली. खास रेडिओसाठी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांत तिची गणना होते. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि खाण पाहायला आलेली माणसं अंधारात अडकतात. पात्रांनाही दिसत नाही, श्रोत्यांनाही नाही. ह्यूज यांनी माध्यमाच्या अडचणीचंच कथानक केलं. अर्थात ही युक्ती एकदाच चालते.

संहिता कानासाठी बेतताना आधी पात्रं कमी होतात. रंगमंचावर कोपऱ्यात गप्प बसलेली आत्या प्रेक्षकाला सतत दिसत असते. श्रुतिकेत जो बोलत नाही, तो थोड्या वेळाने खोलीत नसतोच. मग तिला खोकायला लावा, कुणीतरी तिला हाक मारा, नाहीतर सरळ काढून टाका. पंधरा-वीस मिनिटांच्या नाटकाला तीन-चार आवाज पुष्कळ, तेही एकमेकांत न मिसळणारे. नाती पटकन कळवायला मराठी मात्र फार सोयीची. ‘अहो’, ‘अगं’, ‘वहिनी’ एवढ्याने निम्मं घर उभं राहतं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतल्या टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांचं नातं तर नावांतच होतं.

मग माइक. माझ्या मते श्रुतिकेचा खरा रंगमंच हाच, आणि हौशी मंडळींचं सर्वाधिक दुर्लक्षही इथेच होतं. माइक म्हणजे श्रोत्याचा कान. वीतभर अंतरावरून हळू बोललेलं मनातलं बोलणं वाटतं, हातभरावरून त्या गप्पा होतात आणि चार पावलं मागे जाऊन, तोंड वळवून मारलेली हाक शेजारच्या खोलीतून येते. सगळ्यांनी एकाच अंतरावरून बोलून नंतर संगणकावर आवाज लहान-मोठा केला, तर हे साधत नाही. लांबच्या आवाजात भिंतींवरून परतलेल्या आवाजाचं प्रमाण वाढलेलं असतं. जवळून बोललं, की दिशादर्शी माइक खालचे स्वर फुगवतो. नुसता लहान केलेला आवाज म्हणूनच लांबचा न वाटता पुटपुटल्यासारखा वाटतो. प्रसंग माळरानावरचा असेल, तर परतणारा आवाज नकोच; जाड पडदे, गोधड्या लावून खोली मुकी करावी लागते. ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना सुटणारी हवा थेट माइकवर आदळते, म्हणून नट तोंड किंचित तिरकं ठेवतात. संहितेची पानं सुटी असतात. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला ठेवायचं.

इफेक्टच्या बाबतीत खरेपणाचा हट्ट धरू नये. नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा आणि सेलोफेनचा कागद चुरगळून आग, हे जुने उपाय अजून चालतात. खरा पाऊस मुद्रित केला, तर बऱ्याचदा नुसती खरखर ऐकू येते. पत्र्यावर पडणारा पाऊस लगेच ओळखू येतो. १९५७ साली बीबीसीने सॅम्युएल बेकेट यांचं ‘ऑल दॅट फॉल’ हे रेडिओ-नाटक केलं, तेव्हा जनावरांचे आवाजही माणसांनीच काढले होते.

जुळणीच्या वेळी खरी परीक्षा शांततेची. रंगमंचावरचा लांब पॉज नटाचा चेहरा भरून काढतो. इथे तीन सेकंद काहीच आलं नाही, तर श्रोता मोबाइल हलवून बघतो. म्हणून पॉजखाली पंखा, घड्याळ किंवा लांबची रहदारी अगदी बारीक सोडतात. सगळं जुळलं, की संहिता न वाचलेल्या कुणालातरी बसवून एकदा ऐकवायचं, तेही साध्या मोबाइलच्या स्पीकरवर. मग विचारायचं, खोलीत किती जण होते, दार कोणी उघडलं? जिथे उत्तर चुकेल, ती जागा पुन्हा ध्वनिमुद्रित करायची किंवा कापायची. माझा कल कापण्याकडे असतो.